मालकी मॉरिशसची, वहिवाट परक्यांची

हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटराष्ट्राच्या आयुष्यात ऑक्टोबर २०२४ पासून पुढचे वर्ष जसे आले, तसे एखाद्या बलाढ्य राष्ट्राच्या वाट्याला आले असते, तर जगातील वृत्तपत्रांचे रकाने त्याच्या वृत्तान्तांनी महिनोन्महिने भरून वाहिले असते. साठ वर्षांपूर्वी तोडून नेलेला मुलूख परत देण्याचे जुन्या राज्यकर्त्यांनी मान्य केले. ज्या पंतप्रधानांच्या कारकीर्दीत ते मान्य झाले, त्यांना मतदारांनी सहा आठवड्यांच्या आत घरी बसविले. त्यांच्या जागी आलेल्या सरकारने एक महासत्ता आणि एक माजी महासत्ता यांच्याशी घासाघीस करून त्या मुलखाचा करार पदरात पाडून घेतला, आणि त्यानंतर पंधरा दिवसांच्या आतच घरातील वृद्धांच्या निवृत्तिवेतनाला हात घातला. देश केवढा म्हणाल, तर लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आणि क्षेत्रफळ आपल्या गोव्याच्या निम्म्याहून थोडेसे अधिक!

मॉरिशस म्हटले की आपल्याकडील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे निळे पाणी, पांढरी वाळू आणि सहल-कंपन्यांच्या जाहिराती उभ्या राहतात. फार तर उसाचे मळे आणि भारतातून गेलेले गिरमिटिये आठवतात. या छोट्या देशाने गेल्या काही वर्षांत जगापुढे जो प्रश्न मांडला, तो मात्र मोठमोठ्या देशांनाही सुटलेला नाही. सार्वभौमत्व म्हणजे सातबाऱ्यावरील नाव की जमिनीवरील कब्जा? आणि नाव एकाचे, कब्जा दुसऱ्याचा, आणि जन्म तिसऱ्याचा अशी स्थिती असेल, तर न्याय कोणाला मिळाला असे म्हणावयाचे?

हा प्रश्न कळण्यासाठी चागोसची कहाणी थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे. मॉरिशसपासून सुमारे दोन हजार किलोमीटर ईशान्येला साठ-एक लहानमोठ्या बेटांचा हा पुंजका आहे. इंग्रजांनी तो मॉरिशससह फ्रेंचांकडून घेतला आणि दीडशे वर्षे मॉरिशसचाच भाग म्हणून त्याचा कारभार पाहिला. १९६५ मध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी लंडनमध्ये सुरू असता, ही बेटे वेगळी काढून ब्रिटनकडे ठेवावयाची अशी अट पुढे आली. समोर शिवसागर रामगुलाम आणि त्यांचे सहकारी होते. स्वातंत्र्य हवे असणारा माणूस आणि ते देणे ज्याच्या हाती आहे तो, यांच्यामधील वाटाघाटीला 'संमती' हे नाव द्यावयाचे असेल तर खुशाल द्यावे. परंतु सावकाराच्या ओटीवर कुळाने उठविलेल्या अंगठ्याची जी किंमत, तीच त्या संमतीची. तीस लाख पौंड हाती ठेवून ८ नोव्हेंबर १९६५ रोजी चागोस मॉरिशसपासून तोडण्यात आले. वसाहतीचे तुकडे करू नका, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने त्याच डिसेंबरात बजावले. ब्रिटनने तिकडे कानाडोळा केला. १९६६ च्या अखेरीस अमेरिकेशी करार होऊन त्या पुंजक्यातील सर्वांत मोठे बेट, दिएगो गार्सिया, लष्करी तळासाठी देण्यात आले. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले. गांधीजींच्या दांडीयात्रेचा आरंभ ज्या तारखेला झाला तीच ही तारीख. स्वतंत्र झाले खरे, पण एक अवयव मागे ठेवून.

बेटे जर ओसाड असती, तर ही केवळ दोन सरकारांमधील सीमेची तक्रार ठरली असती. ती ओसाड नव्हती. नारळाच्या बागांत राबणाऱ्या आफ्रिकी आणि भारतीय वंशाच्या मजुरांच्या पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदत होत्या; त्यांची चर्च होती, स्मशाने होती, स्वतःची क्रेओल बोली होती. १९६८ ते १९७३ या काळात त्या सर्वांना तेथून हलविण्यात आले. जे उपचारासाठी वा आप्तांना भेटण्यासाठी मॉरिशसला आले होते, त्यांना परतीची बोट नाकारण्यात आली. जे उरले होते, त्यांचा अन्नधान्याचा पुरवठा आटत गेला आणि अखेर त्यांना जहाजात भरून मॉरिशस व सेशेल्स येथे उतरविण्यात आले. त्यांची पाळीव कुत्री कोंडून वायूने मारण्यात आली. बेटांवर कायमची वस्ती मुळी नव्हतीच, तेथे फक्त कंत्राटी मजूर होते, अशी मखलाशी लंडनमधील अधिकाऱ्यांनी आपल्या टिपणांतून केली. त्या टिपणांची भाषा पुढे न्यायालयांत वाचली गेली, तेव्हा इंग्रजी न्यायाधीशांनाही तिची लाज वाटावी अशी ती होती. पोर्ट लुईच्या झोपडवस्त्यांत या माणसांचे जे हाल झाले, त्यात मॉरिशसचे सरकारही निर्दोष नाही. ब्रिटनकडून १९७० च्या दशकात आलेली भरपाई वाटण्यास त्या सरकारने जो विलंब लावला, तो विसरण्याजोगा नाही.

पुढची हकिगत थोडक्यात सांगितली तरी पुरे. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी, तेरा विरुद्ध एक अशा मताधिक्याने, मॉरिशसचे निर्वसाहतीकरण कायदेशीरपणे पुरे झालेलेच नाही आणि ब्रिटनने चागोसवरील आपला कारभार लवकरात लवकर संपवावा, असे सल्लामत दिले. त्याच वर्षी २२ मे रोजी आमसभेत ११६ विरुद्ध सहा मतांनी त्याला पाठिंबा मिळाला. भारताने मॉरिशसच्या बाजूने मत दिले. ब्रिटनच्या बाजूला जे पाच देश उभे राहिले, त्यांत अमेरिका होती. आणि योगायोग असा, की मालदीव हे चागोसला लागून असलेले दुसरे बेटराष्ट्रही होते. छोट्यांची एकजूट ही परिषदांतील भाषणांत जितकी सोपी असते, तितकी समुद्राच्या हद्दी आखताना नसते.

या पार्श्वभूमीवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी संयुक्त निवेदन काढून चागोसचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याचे तत्त्वतः ठरल्याचे जाहीर केले. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांच्या दृष्टीने हा भाग्योदय होता. त्यांचे वडील अनिरुद्ध जगन्नाथ यांनी उतारवयात हा दावा हेगपर्यंत नेला होता. मुलाने तो जिंकला. निवडणूक तोंडावर होती. याहून अनुकूल मुहूर्त कोणत्या सत्ताधाऱ्याला लाभेल?

पण मतदार मुहूर्त पाहून मत देत नाही. ऑक्टोबरच्याच मध्यावर 'मिसिये मुस्तास', म्हणजे मिशीवाले साहेब, असे टोपणनाव घेतलेल्या कोणी अज्ञाताने दूरध्वनीवरील संभाषणांच्या फिती समाजमाध्यमांवर सोडण्यास आरंभ केला. राजकारणी, पोलीस अधिकारी, वकील, पत्रकार, फार काय परदेशी राजदूतसुद्धा, यांचे बोलणे त्यांत ऐकू येत होते. या फिती यंत्राने रचलेल्या बनावट आहेत, असे सरकारने सांगितले. ते खरे की खोटे याचा निवाडा न्यायालयांनी करावयाचा आहे. परंतु त्यानंतर सरकारने जे केले, त्याला निवाड्याची गरज नाही. नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी, मतदान पार पडेपर्यंत सर्व समाजमाध्यमे बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. ज्या घरात चोरून ऐकले जात असल्याचा संशय होता, त्या घरातील माणसांना आता बोलण्याचीच बंदी झाली! गहजब उडाला आणि चोवीस तासांच्या आसपास हुकूम मागे घ्यावा लागला. परंतु सरकार भ्याले आहे हे लोकांना समजण्यास तेवढा अवधी पुरेसा होता.

१० नोव्हेंबरला मतदान झाले. रॉड्रिग्ज बेटाच्या दोन जागा सोडल्या, तर मॉरिशसच्या मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने जिंकल्या. प्रविंद जगन्नाथ स्वतःच्या मतदारसंघातही पराभूत झाले. मुलखाचा परतावा मिळवून देणाऱ्या पंतप्रधानाला लोकांनी इतक्या निष्ठुरपणे नाकारावे, याचे आश्चर्य परदेशांत पुष्कळांनी व्यक्त केले. आम्हाला त्यात आश्चर्य वाटत नाही. दोन हजार किलोमीटरवरील बेटावर आपला ध्वज फडकावा असे प्रत्येक मॉरिशसवासीयाला वाटते. परंतु आपल्या स्वयंपाकघरातील बोलणे कोणी ऐकू नये आणि बाजारातील भाव आपल्या आवाक्यात असावेत, हे त्याला त्याहून आधी वाटते. त्यात अप्पलपोटेपणा नाही. सार्वभौमत्वाचा आरंभ घराच्या उंबरठ्यापासून होतो.

मात्र या साठ विरुद्ध शून्याचे कौतुक करताना थोडे थांबले पाहिजे. मॉरिशसमध्ये असा निकाल हा काही पहिलाच नव्हे. १९८२ मध्ये अनिरुद्ध जगन्नाथ आणि पॉल बेरांजे यांच्या आघाडीने साठही जागा जिंकल्या. वर्ष उलटण्यापूर्वी ते सरकार फुटले आणि १९८३ मध्ये पुन्हा मतदान घ्यावे लागले. १९९५ मध्ये याच नवीन रामगुलाम यांनी याच बेरांजे यांच्यासह पुन्हा साठ जागा घेतल्या. ती सोयरीक १९९७ मध्ये मोडली. २०२४ मध्ये ही जोडी, एक पंतप्रधान आणि दुसरे उपपंतप्रधान म्हणून, पुन्हा बोहल्यावर चढली. निम्म्या मतदारांना त्यांच्या पहिल्या लग्नाची आठवणही नसेल! तेथील निवडणूकपद्धतीत ज्याला अधिक मते तो विजयी आणि प्रत्येक मतदारसंघातून तीन सभासद, असा प्रकार असल्याने वाऱ्याची दिशा बदलली की सारे झाड एकाच बाजूला झुकते. पराभूतांपैकी काहींना जातीय समतोलासाठी सभागृहात घेण्याची एक विलक्षण तरतूद तेथील घटनेत आहे. विरोधी पक्षनेत्याला या वेळी त्याच दाराने आत यावे लागले. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. ज्या वर्गात कोणी शंका विचारीत नाही, त्या वर्गातील मुले बिघडण्याआधी मास्तर बिघडतो, हा आमचा तेथील अनुभव आहे. संसदेला तो लागू पडू नये असे काही नाही.

नव्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये अर्थस्थितीचा अहवाल मांडला. आधीच्या राजवटीत राष्ट्रीय उत्पन्न फुगवून आणि तूट व कर्ज कमी करून दाखविण्यात आले, असा त्यात आरोप होता. जानेवारीत मूडीज या पतमापन संस्थेने देशाविषयीचे आपले भाकीत नकारार्थी केले. गुंतवणुकीस योग्य अशा श्रेणीच्या शेवटच्या पायरीवर हा देश उभा होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये माजी पंतप्रधानांना आर्थिक गुन्ह्यांच्या संशयावरून अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले आणि त्यांना जामीन मिळाला. खटल्याविषयी त्याहून अधिक बोलणे युक्त नाही. पण शुद्धीकरणाच्या घोषणा करून आलेल्यांचे स्वतःचे घरही वादापासून दूर राहिले नाही. नव्या सरकारने नेमलेले मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर वर्ष पुरे होण्याच्या आतच, सप्टेंबर २०२५ मध्ये, पायउतार झाले.

खजिना रिकामा आहे ही गोष्ट एकदा मान्य केली, की चागोसच्या वाटाघाटींचा रंग कसा बदलला ते ध्यानात येते. रामगुलाम यांनी सत्तेवर येताच आधीचा मसुदा अपुरा ठरविला आणि पैसे, मुदत व सार्वभौमत्वाची शब्दरचना हे तिन्ही मुद्दे पुन्हा उघडले. त्यात वावगे काही नव्हते. अखेर २२ मे २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. आमसभेने सहा वर्षांपूर्वी ठराव केला होता, त्याच तारखेला. सह्या करणाऱ्यांपैकी एक होते १९६५ साली लंडनला गेलेल्या शिवसागर रामगुलाम यांचे चिरंजीव.

आता या कराराचा मजकूर पाहावा. दिएगो गार्सियासह संपूर्ण चागोसवर सार्वभौम सत्ता मॉरिशसची, असे पहिल्याच ओळींत स्पष्ट लिहिले आहे. इतके मिळविण्यासाठी एका छोट्या देशाच्या तीन पिढ्या खपल्या, आणि तोफेचा एक गोळाही न उडविता केवळ कायदा, चिकाटी व मित्रांची मते यांच्या बळावर त्यांनी ते मिळविले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्यानंतरचा मजकूर वाचू लागले, की भाडेपट्ट्यांचे दस्तऐवज पाहणाऱ्या कोणाही वकिलाच्या ओठांवर स्मित उमटेल. दिएगो गार्सिया ९९ वर्षांसाठी ब्रिटनच्या ताब्यात राहील आणि ती मुदत आणखी ४० वर्षे वाढविता येईल. तळाभोवती चोवीस सागरी मैलांच्या आत ब्रिटनच्या संमतीवाचून काही बांधता येणार नाही. बाकीच्या बेटांवर परकीय सशस्त्र सैन्याला थारा नाही. आणि या तळावरून अन्य एखाद्या देशावर प्रत्यक्ष सशस्त्र हल्ला झाला, तर तो झाल्याचे मॉरिशसला तातडीने कळविले जाईल. कळविले जाईल, विचारले जाणार नाही. २०२५ च्या वसंतात, कराराची बोलणी चालू असतानाच, अमेरिकेची बी-२ बॉम्बफेकी विमाने याच बेटावर येऊन उभी राहिली होती. घरमालकाच्या अंगणात भाडेकरूने दारूगोळा रचावा आणि वात पेटविल्यावर निरोप पाठवावा, असा हा भाडेपट्टा आहे.

मोबदल्यात ब्रिटन सरासरी दहा कोटी दहा लाख पौंड दरवर्षी देणार आहे. पहिली तीन वर्षे ही रक्कम साडेसोळा कोटी असेल. शिवाय २५ वर्षे दरवर्षी साडेचार कोटी पौंडांचे विकाससाहाय्य, आणि चागोसवासीयांच्या कल्याणनिधीसाठी एकदाच चार कोटी. १९६५ मधील तीस लाखांशी तुलना केली तर हा सौदा उत्तमच म्हणावा लागेल. परंतु ज्या देशाचे सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या आसपास गेले आहे, त्या देशाला अशा भाड्याचे व्यसन लागण्यास वेळ लागत नाही. ५ जून रोजी अर्थसंकल्प मांडताना रामगुलाम यांनी या पैशाचा ओघ प्रथम कर्जफेडीकडे वळविण्याचे जाहीर केले आणि त्याच भाषणात, श्रीमंत-गरीब हा भेद न करता साठी गाठलेल्या प्रत्येक नागरिकाला मिळणाऱ्या मूळ निवृत्तिवेतनाची वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने पासष्टावर नेण्याचेही. कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. सात महिन्यांपूर्वी ज्यांनी साठही जागा दिल्या, त्यांच्यापैकी पुष्कळजण त्या मोर्चांत होते. आयुर्मान वाढले, जन्मदर घटला, तेव्हा हा निर्णय कधी तरी घ्यावाच लागणार होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु निवडणुकीच्या व्यासपीठावर त्याचा उच्चार नव्हता, आणि विधिमंडळात 'हे तुम्ही तेव्हा का सांगितले नाही' असे विचारणाऱ्यांची बाके जवळजवळ रिकामी होती. साठ विरुद्ध शून्याची खरी किंमत मतदारांना जूनमध्ये कळली.

आणि चागोसवासी? २२ मेच्या पहाटे, तेथे जन्मलेल्या दोन ब्रिटिश नागरिक स्त्रियांच्या अर्जावरून लंडनच्या उच्च न्यायालयाने सहीला तात्पुरती मनाई केली होती. दुपारपर्यंत मनाई उठली आणि सही झाली. त्या काही तासांत जगाला प्रथमच आठवले, की या व्यवहारात तिसरा पक्षही आहे. तो पक्ष एकमुखी आहे, असेही नाही. पोर्ट लुईतील चागोस निर्वासित गटाचे नेते ऑलिव्हिए बँकू यांनी कराराचे स्वागत केले. इंग्लंडमधील क्रॉली येथे स्थायिक झालेल्यांपैकी अनेकांनी त्याचा धिक्कार केला. आम्हाला न विचारता १९६५ साली लंडनने सौदा केला, आता लंडन आणि पोर्ट लुई यांनी मिळून केला, असे त्यांचे म्हणणे आहे. या म्हणण्यामागे ब्रिटनमधील साम्राज्याभिमानी मंडळीही आपला स्वार्थ लपवून उभी राहतात हे खरे. पण चुकीच्या माणसाने उचलली म्हणून फिर्याद खोटी ठरत नाही.

आपल्या देशाचा या प्रकरणाशी असलेला संबंध केवळ सहानुभूतीचा नाही. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर मॉरिशसच्या धक्क्यावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील मराठी लोकही होते. त्यांचे वंशज तेथे आजही आपली भाषा शाळांतून शिकतात, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचा अभ्यास होतो, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. १२ मार्च २०२५ च्या राष्ट्रीय दिनाला भारताचे पंतप्रधान प्रमुख पाहुणे होते. सप्टेंबरमध्ये रामगुलाम वाराणसीला आले, तेव्हा भारताने साहाय्याची जी योजना जाहीर केली, तीत चागोसच्या सागरी संरक्षित क्षेत्राचा विकास व देखरेख यांचाही समावेश होता. हे सारे योग्यच. मात्र मॉरिशसच्याच अगालेगा या दुर्गम बेटावर भारताने बांधलेली धावपट्टी आणि धक्का फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला आहे. तेथे लष्करी तळ नाही, असे पोर्ट लुईने वारंवार सांगितले आहे. परंतु अगालेगावरील तीन-एकशे माणसांच्या मनात चागोसची भीती डोकावली असेल, तर तिला कोणी अडाणीपणा म्हणू नये. मोठा शेजारी कितीही सज्जन असला, तरी छोट्याला रात्री एकदा उठून कडी पाहावीशी वाटते. दिल्लीने हे ओळखून तेथील रहिवाशांशी आपले वर्तन उघडे आणि अदबीचे ठेवले पाहिजे.

करारावर सह्या झाल्या तरी तो अंमलात येण्यास ब्रिटिश संसदेत कायदा व्हावा लागतो, आणि तेथे त्यावर कडाक्याचा वाद माजला. वर्ष सरल्यावर, जानेवारी २०२६ मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षांनी, ज्यांच्या सरकारने आधी या कराराला संमती दिली होती, त्यालाच मोठा मूर्खपणा म्हटले. हेगचे मत, आमसभेचे ११६ हात आणि दोन पंतप्रधानांच्या सह्या एवढे सारे एका पारड्यात असताना, दुसऱ्या पारड्यात एका माणसाने समाजमाध्यमावर लिहिलेला एक मजकूर पडला आणि काटा हलला.

दिएगो गार्सियावर आज स्वयंपाकी, गवंडी, सफाईवाले लागतात. त्यासाठी फिलिपिन्ससारख्या दूरच्या देशांतून माणसे नेली जातात. तेथेच जन्मलेल्यांना मात्र त्या बेटावर वस्ती करता येणार नाही, हे नव्या करारातही कायम आहे. पेरोस बान्होस आणि सॉलोमन या दूरच्या बेटांवर त्यांचे पुनर्वसन करण्याची मुभा मॉरिशसला देण्यात आली आहे. कराराच्या त्या कलमात 'मुभा' आहे. 'बंधन' हा शब्द नाही. पन्नास वर्षांपूर्वी बोटीतून उतरविलेल्यांपैकी जे अजून हयात आहेत, त्यांच्यापैकी अनेकांची वये सत्तरीच्या पुढे गेली आहेत.